पाठमोरा वाघ

जानेफळ, ता. मेहकर
२१ जानेवारी १९३५

सुधाकर,

'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' एवढं लिहून झालं होतं, मंग तो कागद फाडला. या कागदावर नमस्कार नाही. पाहिजे असन तर मनानं समजून घे, तुम्ही शिकलेले लोक मनानं लय काही समजून घेता.

परवा नागपूरहून आलो. तुह्यं चित्र पाहून आलो. तिथं चित्र लावलं आहे हे तू मले कळवलं नाही. कळवलं साखरखेर्ड्याच्या अर्जुनरावानं. तोच अर्जुनराव, ज्याच्या शेषरावासंगं आमच्या कोकिळेची सोयरीक ठरत आली होती. दाव्याच्या कामानं तो नागपूरले गेला, वकिलानं त्याले करमणूक म्हणून चित्रं पाहाले नेलं. तिथं एका चित्राखाली पाटी, 'जानेफळचा वाघ'. जानेफळात मोहरमले आंग रंगवून वाघ होणारा माणूस एकच आहे, हे साखरखेर्ड्यापर्यंत सगळ्याईले ठाऊक आहे. अन् चित्रात ना पिवडीचा पिवळा रंग, ना पट्टे, ना शेपटी. एक उघडा माणूस विहिरीच्या काठावर पाठमोरा बसला आहे अन् त्याची अर्धी पाठ पांढरी आहे.

अर्जुनराव आमच्या सपरीत बसला, पाणी पेला, अन् हळूच म्हणे, "निवृत्तीराव, तुमच्या घरात कोड आहे का?" मी म्हटलं, कोण म्हणते. तो म्हणे, "चित्रातला कान तर तुमचाच आहे."

कान माह्याच आहे. डोणगावच्या जत्रेत कुस्तीत चुरगळला तो. तू मले काय म्हटलं होतं? उन्हाळ्याच्या सुटीत वावरात आला, म्हणे सरावासाठी एक चित्र काढतो, पाठमोरा बस, तोंड येणार नाही. आठ दिवस बसलो मी विहिरीच्या काठी आंब्याखाली, बंडी काढून, मुंग्या चावल्या तरी हललो नाही. तू रंगवताना हलाचं नसते हे आंगवळणी पडलेलं होतं. तोंड नाही आणलं तू, कान आणला. वरून पाटी लावली.

मी अर्जुनरावाले सांगतलं, चित्रकारानं मनचं काढलं असन. मले खरंच तसं वाटलं रे. पोटावर दोन डाग अन् बरगडीखाली एक, हे मले ठाऊक आहे. तुले ठाऊक आहे, माह्या बायकोले ठाऊक आहे, चौथ्या कोणाले नाही. पाठ कोरी आहे, हे मले तूच सांगतलं. एकदा नाही, सात वर्षं. दर मोहरमले तू मले उभा करून रंगवतो, मी दोन काठ्याईवर हात टेकून रंग वाळाची वाट पाहतो, तवा दर खेपी विचारतो, पाठीवर काही आलं का बे? अन् तू दर खेपी म्हणतो, काही नाही, पुढं पाह्य.

म्हणून नागपूरले गेलो. जानेफळहून मोटारीनं खामगाव, मंग आगगाडी. चित्रासमोर उभा राह्यलो. तिथं बाया होत्या, कॉलेजातले पोट्टे होते, एक साहेब होता. सगळे माह्या पाठीकडे पाहत होते अन् मी त्याईच्या मागं बंडी घालून उभा. कोणी मागं वळून पाह्यलं नाही.

मंग बाहेर आलो अन् केस कापाच्या दुकानात शिरलो. तिथं पुढं आरसा, मागं आरसा. न्हाव्याले म्हटलं, थांब जरासक. बंडी काढली. सुधाकर, तू मनचं काहीच काढलं नव्हतं. खांद्यापासून कमरेपर्यंत जसंच्या तसं होतं. न्हावी दोन पावलं मागं सरकला अन् म्हणे, भाऊ, दुसऱ्या दुकानात पाहा.

चाळीस वर्षांचा झालो मी. माह्या पाठीचं मले नागपूरच्या न्हाव्याकडून कळलं. तुह्या तोंडाले काय झालं होतं?

आता ऐक. रागावाले मले जन्म पडला आहे, पोरीची सोयरीक थांबणार नाही. अर्जुनरावानं महिनाभराची मुदत दिली आहे. तू सहीनिशी एक कागद लिहून दे, की ते पांढरं तुह्या मनचं आहे, निवृत्ती निकसाच्या आंगावर तसं काही नाही. तू अमरावतीच्या शाळेत मास्तर आहे, तुह्या कागदाले किंमत आहे. पाडलं तूच, तर उचलाचंही तूच.

निवृत्ती कडूबा निकस


जानेफळ
५ फेब्रुवारी १९३५

सुधाकर,

तुह्यं पाकीट आलं. चार पानं लिहली, कागद मात्र पाठवला नाही. चार पानाईत तू मले पुणेरी भाषेत शिकवलं, की कलावंत जे दिसते ते काढतो. बरं. दिसते ते काढतो, तर दिसते ते सांगाले काय झालं होतं?

दुसरं तू लिहलं, की चित्र सुंदर झालं, लोकाईनं वाखाणलं, अन् त्यात माह्यी बदनामी नाही, गौरव आहे. हे तू माह्या सपरीत येऊन अर्जुनरावाले सांगून पाह्य. तुह्या शारदेसाठी पोरगा पाहाले निघशील तवा तुह्याच पाठीचा असा गौरव कोणी केला तर मले कळव, मी पेढे घेऊन येतो.

तिसरं तू लिहलं ते मी तीनदा वाचलं. की तुह्या वहिनीनंच मले नको सांगू म्हणून शपथ घातली होती.

तानूले मी त्याच दिवशी विचारलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती, थापतच राह्यली. म्हणे, हाव, मीच सांगतलं होतं भाऊजीले. मी म्हटलं, काऊन? म्हणे, पाठीले मी तेल लावते, मले दर वर्षी वाढलेलं दिसे, तुमाले सांगून काय कमी झालं असतं? तुम्ही वाघ व्हाचं सोडलं असतं अन् घरात बसले असते.

मी ताट सरकवून उठलो. तिच्यासंगं बोलत नाही सध्या. पण ती खोटं बोलली नाही, हे तुले लिहतो. मी सोडलंच असतं.

तुले ते कळणार नाही. तू रंगवणारा. माह्या मायनं, सत्यभामाबाईनं, मोहरमच्या सवारीले नवस बोलला होता, की पोरगं वाचलं तर जन्मभर वाघ होईन. मी वाचलो, वाघ झालो. आधी बुढा रंगारी रंगवे, मंग तू. लोक समजतात निवृत्ती नवस फेडते. ते खरं आहे, पण अर्धंच. पहिला डाग आला तवापासून मी कोणासमोर बंडी काढली नाही. नदीवर नाही, खळ्यावर नाही, भर वैशाखात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटताना नाही. कुस्ती सोडली ती गुडघ्यापायी नाही, हे तुले आता सांगतो. वर्षातले तीन दिवस मी उघडा हिंडो. आंगावर पिवडी, पोटाले सफेदा, अन् काळे पट्टे. सफेद्याच्या खाली डाग असले काय अन् नसले काय. डफड्यावर नाचलो की बाया लेकरं घेऊन पाया पडाले येत. त्या तीन दिवसाईत मले माह्यं आंग आवडे. बाकीच्या दिवसाईत मी ते धुतो अन् झाकतो, एवढंच.

तुह्या हातचा ब्रश पाठीवर फिरे तवा मले वाटे, एक माणूस आहे ज्याच्यापाशी काही लपवाचं नाही. अन् तू मागं उभा राहून लपवत होता. वरून सगळं ध्यानात ठेवत होता, कुठं काठ कसा आहे, कुठं पांढरं गुलाबी दिसते. शपथ घातली होती तर चित्राले नव्हती का शपथ? मले सांगाचं नाही अन् नागपूरले सांगाचं, अशी कोणती शपथ असते?

कागद पाठव. आठ दिवसात साखरखेर्ड्याची मंडळी येणार आहे. काय लिहाचं ते तूच जुळव, तुले जुळवता येते. पण या खेपी पुणेरीत मले शिकवू नको. खोटं लिहाचं आहे, मन लावून लिह्य.

निवृत्ती


जानेफळ
१९ फेब्रुवारी १९३५

सुधाकर,

कागद पावला. काम झालं.

तू लिहलं, की आंब्याच्या पानाईतून पडलेलं ऊन तुले मॉडेलच्या पाठीवर दाखवाचं होतं, ते पांढरं म्हणजे ऊन आहे, अन् अशा पद्धतीची चित्रं विलायतेत लय निघतात. खाली सही, शाळेचं नाव, हुद्दा. वाचून मलेच घटकाभर वाटलं की ऊनच असन. एवढं सुंदर खोटं लिहता येते तुले. सात वर्षं मले नुसतं 'काही नाही' म्हणून भागवलं.

मॉडेल म्हणतात का मले? ठीक आहे.

अर्जुनरावानं कागद दोनदा वाचला, बाजूच्या नारायणरावाले वाचाले दिला. नारायणराव त्याईचा चुलता, कोर्टात कारकून होता, त्याले कागदाची पारख. तो म्हणे, मास्तर माणूस असं लेखी खोटं देणार नाही. झालं, सगळे मोकळे होऊन हसले. मी पान पुढं केलं. शेषराव पोट्टा चांगला आहे, खाली मान घालून बसला होता. साक्षगंधाची तिथी काढली, सात मार्च.

त्याईच्यासंगं मनकर्णाबाई म्हणून पोराची आत्या आली होती. ती म्हणे, आता कागद झाला, पण आमच्या मनाची खातरी म्हणून पोरीले जरा आत पाहतो. असं सगळीकडेच पाहतात. चालवून पाहतात, केस सोडून पाहतात. तानूनं माह्याकडे पाह्यलं, मी मान हलवली. बाया आत गेल्या. मी बाहेर सुपारी कातरत बसलो.

त्या आतून हसतच आल्या. पोरगी सोन्यासारखी आहे म्हणे.

तर असं आहे. तुह्यावरचा राग गेला नाही, पण काम झालं म्हणून कळवलं. कोकिळा चांगली आहे. जरा कमी बोलते. पोरी लग्न ठरल्यावर कमीच बोलतात.

निवृत्ती


जानेफळ
११ मार्च १९३५

सुधाकर,

तू लग्नाची तारीख विचारली, येतो म्हणून लिहलं. येऊ नको. लग्न नाही.

मागच्या पत्रात मी तुले लिहलं होतं, कोकिळा कमी बोलते. ते लपवून लिहलं होतं. ती माह्यासंगं एक शब्द बोलत नव्हती. भाकर वाढे अन् निघून जाय. पंधरा-वीस दिवस. तानूले विचारलं तर तीही तोंड फिरवे. मले वाटलं, माय-लेकीचं काही असन.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी मी गोठ्यात होतो. कोकिळा पाणी घेऊन आली, बादली ठेवली अन् तिथंच उभी राह्यली. मी म्हटलं, काय झालं माय, लुगडं पसंत नाही का? तवा ती बोलली. जसं बोलली तसं लिहतो.

"त्या बायाईनं कवाड लावलं, बाबा. खिडकीपाशी उभी केली अन् आंगावरचं सगळं काढाले लावलं. सगळं. मागून पाह्यलं, पुढून पाह्यलं, बोटं ओली करून घासून पाह्यलं की काही लावलं तर नाही. मी मायकडे पाह्यलं, मायनं खाली पाह्यलं. तुमची पाठ झाकासाठी माह्यं आंग उघडं केलं, अन् तुम्ही सपरीत सुपारी कातरत बसले."

 'सगळीकडेच पाहतात' हे तोंडावर आलं होतं, ते तुले लिहलंही होतं मी. गिळलं. ती बादली तशीच ठेवून गेली.

मले नागपूरचे ते लोक आठवले, माह्या पाठीसमोर उभे राहून पाहणारे. मले निदान कपडे घालून मागं उभं राहता आलं होतं. माह्या पोरीले ते पण नाही. अन् हे तू केलं नाही, सुधाकर. तुह्यावर ढकलाले लय सोपं होतं, मी त्या रात्री ढकलूनही पाह्यलं. मान मी हलवली होती. कागद मी मागून घेतला होता.

सात तारखेले मंडळी आली, बैलाईच्या दोन दमण्या भरून. सपरीत सतरंजी टाकली होती, गावातले चार लोक बोलावले होते. भटजी बसला, कुंकवाचं ताट आलं. अर्जुनराव उठणार तेवढ्यात मी उभा राह्यलो. लोकाईले वाटलं, मी भाषण करतो. मी बंडीची बटणं सोडली. तानू दारातून म्हणे, अहो, हे काय? मी बंडी काढली, सतरंजीवर टाकली, अन् अर्जुनरावाकडे पाठ करून उभा राह्यलो. दुपारचं चक्क ऊन सपरीत येत होतं, वर आंबा नाही, पानं नाही. म्हटलं, पाहा. बोट ओलं करून पाहाचं असन तर तेही पाहा.

 मंग नारायणराव म्हणे, "तो मास्तरचा कागद?" मी म्हटलं, खोटा आहे, मीच लिहून घेतला. माह्यी पोरगी तुम्ही सगळी पाह्यली, तिच्यावर काही नाही, हे तुमाले ठाऊक आहे. माह्यावर आहे. मी तिचा बाप आहे. आता तुमच्या पोरालेही आत नेऊन पाहाची माह्यी इच्छा होती, पण मी तसं करणार नाही, कारण त्यानं माह्यं काही बिघडवलं नाही.

अर्जुनराव लाल झाला. म्हणे, भरसभेत नंगे झाले तुम्ही. मी म्हटलं, हाव, पण मी आपल्या मनानं झालो. मनकर्णाबाई दमणीत बसताना शिव्या देत होती, त्या मी मोजल्या नाही. शेषराव जाताना एकदा मागं वळला. काय मनात होतं त्याच्या, देव जाणे. गेला.

आता गावात सगळ्याईले ठाऊक आहे. तानू रडून रडून थकली, तिच्या मनात आता कोकिळेले कोणी करणार नाही. खरंही असन. मले त्याची धास्ती वाटते, रागापेक्षा जास्त वाटते, हे तुले सांगून टाकतो. विहिरीवर दोन माणसं बाजूले सरली काल. मी बंडी न घालताच पाणी ओढत होतो. थंडी वाजली, तरी घातली नाही.

कोकिळा बोलाले लागली. त्याच संध्याकाळी सतरंजी गुंडाळता गुंडाळता म्हणे, ढोराईची सरकी संपली आहे, उद्या मेहकरहून आणा. बस, एवढंच. मी उद्या नाही, त्याच पावली निघालो.

तू लिहलं आहे, की पाहिजे तर चित्रावरचं पांढरं मी तपकिरी करून टाकतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे. खबरदार हात लावला तर. तुह्या पत्रातलं ऊन तुह्यापाशी ठेव, कागद याच पाकिटात परत पाठवून राह्यलो.

यंदाच्या मोहरमले मले रंगवाले येऊ नको. नवस माह्या मायनं वाघाचा बोलला होता, पिवडीचा नाही. पट्टे कोकिळा काढून देते म्हणते. पांढरं आहे तिथं पांढरं राहू देईन म्हणते.

पण तुह्यं माह्यं मिटलं नाही. होळी झाली की मी अमरावतीले येतो, कोकिळेले घेऊन. दुसरं चित्र काढाचं आहे. या खेपी मी पाठ करून बसणार नाही, तोंड तुह्याकडे करून बसीन अन् तुह्या डोळ्याईत पाहत राहीन. कोकिळा तुह्या बाजूले बसून पाहील, तू काय काढून राह्यला ते. अन् काढताना मुकाट काढाचं नाही. एकेक डाग आला की मोठ्यानं सांगाचं, कुठं आहे, केवढा आहे, पहिल्यांदा कोणत्या वर्षी पाह्यला. पोट झालं की मी वळीन, मंग पाठीचं सांगाचं, मानेपासून कमरेपर्यंत, एकही गाळाचा नाही.

सात वर्षं मी तुले विचारत होतो. आता सांग.

निवृत्ती कडूबा निकस